लोपामुद्रेचा परिच्छेद

अण्णा,

भेटायला येणारी माणसं अजून थांबलेली नाहीत. काल तुमचे शाळेतले जुने विद्यार्थी आले होते. त्यातला एक, आता स्वतःच आजोबा झालेला, तुमच्या फोटोकडे बघत म्हणाला, "सर म्हणजे ऋषितुल्य माणूस." मी मान हलवली आणि चहा टाकायला आत आले. ओट्यापाशी उभी राहिले आणि मला हसू फुटलं. मागोमाग रडूही आलं.

हा शब्द तुम्हाला मुळीच खपायचा नाही. कुठल्या सत्कारात कोणी तो वापरला की घरी आल्यावर शर्टाची बटणं काढता काढता तुमची चिडचिड सुरू. "ऋषी म्हणजे यांना काय देव्हाऱ्यातला फोटो वाटतो? अगस्ती रागीट होता. खादाड होता. एक राक्षस बोकड होऊन ताटात आला तर तोही पचवून ढेकर दिला त्याने. बायकोने दागिने मागितले म्हणून राजांच्या दारोदार फिरलेला माणूस आहे तो!" मग मी विचारायचे, "अण्णा, वरण गरम करू का?" तुम्ही म्हणायचात, "कर. आणि लिंबू आहे का बघ."

त्या विद्यार्थ्यांना मी हे काही सांगितलं नाही. सांगायला बळ लागतं, आणि सध्या ते कुठून आणावं कळत नाही. आजारपण, दवाखाना, मग दिवस, मग ही ये-जा. वालीवला कामावर जायला लागले त्यालाही आठवडा झाला. संध्याकाळी घरी येते, चपला काढते आणि सवयीने तुमच्या खोलीकडे बघते. खुर्चीवर कोणी नाही. संध्याकाळ मोकळी आहे. गेली कित्येक वर्षं हीच मोकळी संध्याकाळ मागत होते मी.

तुमची दृष्टी अधू झाली आणि तुम्ही खाडीकाठचं घर धाकट्या बहिणीवर, हीराआत्यांवर, सोपवून फुलपाड्याला आमच्याकडे राहायला आलात, तेव्हा सामानात कपडे कमी आणि कागद जास्त होते. अगस्तींचं चरित्र. निवृत्तीनंतर सुरू केलेलं आणि डोळ्यांनी अर्ध्यात थांबवलेलं. प्रकाशला संस्कृतचा लहानपणापासून कंटाळा. "मी तुमचा मुलगा होतो, तेवढा अभ्यास पुरे झाला," असं तो तोंडावर म्हणायचा. एक दिवस मी कारखान्यातून आले. डिस्पॅचची गडबड होती, डोकं नुसतं भणभणत होतं. तुम्ही दारातच विचारलंत, "संगीता, जरा लिहून घेतेस?"

ते "जरा" सात वर्षं चाललं.

मी बी.कॉम. झालेली, साताऱ्याकडची. माझं संस्कृत दहावीला शंभर मार्कांचं, तेही रट्टा मारून. तुम्ही ते कधी विचारलंच नाहीत. पहिल्याच दिवशी अशा थाटात सांगू लागलात जणू मी जन्मभर हेच करत आले आहे. चुकले की थांबायचात, सुधारायचात, पुढे जायचात. हळूहळू ऋचा वाचायला शिकवलीत, मग अर्थ लावायला. "आधी क्रियापद शोध," म्हणायचात. "कोण काय करतंय ते कळलं की बाकीचं आपोआप जागेवर बसतं." मला माझ्या कॉलेजात कोणी असं शिकवलं नव्हतं.

पण अण्णा, मी थकलेली असायचे हो. तुम्हाला दिसायचं नाही, आणि मी सांगायचे नाही. एकदा लिहिता लिहिता डुलकी लागली तरी हात चालूच राहिला. तुम्ही म्हणालात, "वाच बघू शेवटचं वाक्य." मी वाचलं, "अगस्तींना पाहून विंध्य पर्वत नतमस्तक झाला आणि टेम्पो भिवंडीला रवाना झाला." मग तुम्ही असे हसलात की प्रकाश आतून धावत आला, त्याला वाटलं ठसका लागला. त्यानंतर कित्येक दिवस मी दारात आले की तुमचा प्रश्न ठरलेला, "काय, विंध्याचा टेम्पो पोचला का?"

थंडीत आपण गच्चीवर जायचो. जेवणं आटोपली की मी तुमचा हात धरून जिना चढवायचे. दक्षिणेला खाली, क्षितिजाच्या जरा वर, अगस्तीचा तारा दिसायचा. तुम्हाला तो दिसत नव्हता, पण तोंड नेमकं तिकडे करून उभे राहायचात. "आहे ना?" "आहे." एका वर्षी वर गेलो आणि मी शोधत राहिले. समोर नवीन बिल्डिंग उभी राहिली होती, वरचे मजले अजून बांधायचे होते. मी म्हटलं, "अण्णा, नाही दिसत. मध्ये टॉवर आलाय." तुम्ही म्हणालात, "म्हणजे विंध्याचं वाढणं अजून चालूच आहे." आणि परत जिना उतरायला लागलात.

हा एकच ऋषी का, असं मी तुम्हाला एकदा विचारलं होतं. इतके ऋषी पडलेत. तुम्ही मग सांगितलंत की तुम्ही लहान असताना एका उधाणाला खाडीचा बांध फुटला आणि तुमच्या भातात खारं पाणी शिरलं. तुमची आई गुडघाभर पाण्यात उभी होती. तुम्ही बांधावर बसून रडत होतात. तुम्हाला गप्प करायला तिने गोष्ट सांगितली, एक ऋषी होता, त्याने ओंजळीत घेऊन सगळा समुद्र पिऊन टाकला. तुम्ही म्हणालात, मग बोलव ना त्याला. तर ती म्हणाली, "तो दक्षिनेला गेला तो गेलाच, पोरा. आपला पानी आपनच काढायचा." आणि घमेलं उचललं.

मी लिहून घ्यायला लागले तसे तुम्ही ओरडलात. "ते नाही लिहायचं! ते काय चरित्र आहे?" मी म्हटलं, "यापेक्षा चांगलं पहिलं पान कुठलं मिळणार?" तुम्ही म्हणालात, "हे शास्त्रशुद्ध पुस्तक आहे, संगीता. त्याच्या नावावर ऋचा आहेत, दक्षिणेतल्या भाषेचं व्याकरण आहे, वैद्यक आहे. यात माझी आई कुठे आली?" व्याकरण तर आता शिल्लकही नाही, इतरांनी उतरवून ठेवलेले तुकडे तेवढे राहिलेत, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. न उरलेल्या पुस्तकाला तुमच्याकडे एक अख्खं प्रकरण होतं. आईला जागा नव्हती. पण तो तुमचा अधिकार होता, म्हणून मी गप्प बसले.

लोपामुद्रेच्या वेळी मात्र मला गप्प बसवेना.

तो परिच्छेद मला पाठ आहे. "महर्षींच्या पत्नी लोपामुद्रा या विदर्भराजाच्या कन्या होत. त्यांनी राजवस्त्रांचा त्याग करून वल्कले धारण केली व आजन्म पतीची एकनिष्ठ सेवा केली." पूर्णविराम. तुम्ही म्हणालात, "पुढचं प्रकरण घे."

"झालं?" मी विचारलं.

"झालं."

"पण अण्णा, परवा जी ऋचा वाचली, ती तिचीच आहे ना?"

त्याच्या दोनच दिवस आधी तुम्ही मला त्या ऋचेचा अर्थ लावायला दिला होतात. मी क्रियापद शोधलं होतं. ती नवऱ्याला सांगते की कित्येक वर्षं मी राबते आहे, दिवस आणि रात्र, आणि रोजची पहाट मला थोडं थोडं म्हातारं करते आहे. मी अर्थ लावला आणि पेन खाली ठेवून बसून राहिले होते. इतक्या हजारो वर्षांपूर्वी कोणी बाई हे बोलली आणि ते कोणीतरी जपून ठेवलं, मुखोद्गत करून, एक मात्रा न हलवता. ते ऐकू येण्यासाठी मला वालीवहून येऊन तुमच्या खोलीत बसावं लागलं.

तुम्ही म्हणालात, "तिच्या तोंडी आहे. रचना महर्षींचीच असणार."

"कशावरून?"

"संवाद आहे तो. संवादात दोन्ही बाजू एकच कवी लिहितो."

"परंपरा तर तिचंच नाव सांगते. तुम्हीच सांगितलंत."

"परंपरा पुष्कळ सांगते."

"तो समुद्र प्यायला हेही परंपराच सांगते, अण्णा. ते तुम्ही पंधरा पानं लिहिलंत. आणि दागिने मागितले तिने, धन आण म्हणाली, तो फिरला दारोदार, हे तुम्ही सगळ्यांना रंगवून सांगता. मग पुस्तकात ती मुकाट्याने सेवा का करते?"

तुमचा चेहरा लाल झाला. "तू मला शिकवणार?"

"तुम्हीच शिकवलंत," मी म्हटलं.

तुम्ही उठलात, भिंतीला हात लावत बाल्कनीत गेलात. त्या दिवशी जेवताना लिंबू मागितलं नाहीत. पुढचे कितीतरी दिवस लिखाण बंद. प्रकाश म्हणाला, "अगं, लिही ना ते म्हणतात तसं, पुस्तक त्यांचं आहे." मी म्हटलं, "लिहिलंय की. त्यांनी सांगितलेला शब्द न् शब्द लिहिलाय. पटलाय असं मात्र मी म्हणणार नाही."

मग माझी आई गेली.

गावाहून परत आले तेव्हा मला वाटलं होतं, तुम्ही सांत्वनाचं काही बोलाल. तुम्ही दोन दिवस काहीच बोलला नाहीत. तिसऱ्या संध्याकाळी माझ्यासमोर चहाचा कप ठेवलात, स्वतः केलेला, अर्धा बशीत सांडलेला, साखर दोनदा पडलेली. आणि म्हणालात, "लिहायला बस." मला इतका राग आला. आई जाऊन पंधरा दिवस झाले नाहीत आणि या माणसाला पुस्तक सुचतंय. पण बसले. तुम्ही सांगत गेलात, मी लिहीत गेले. डोळ्यांतलं पाणी वहीवर पडत होतं, तुम्हाला दिसत नव्हतं, निदान मी तसं समजत होते. त्या दिवशी तुम्ही फार सावकाश सांगितलंत, एकेक शब्द सुटा करून. त्या एका तासात मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला. त्याबद्दल मी तुम्हाला कधी काही म्हटलं नाही. आता म्हणते. फार आधार झाला हो, अण्णा.

भांडण मिटलं नाही. आपण त्याला वळसा घालून पुढे गेलो. मधूनच मी विचारायचे, "लोपामुद्रेचं काय करायचं?" तुम्ही म्हणायचात, "पुढे बघू." दोन रविवार मी चंदनसारला मैत्रिणीच्या घरी जाऊन बसले आणि स्वतःच्या मनाने तिच्यावर लिहिलं. आपल्या घरी मला ते लिहवेना. दहा-बारा पानं झाली. तुम्हाला वाचून दाखवायचं मनात होतं, पण पुस्तक शेवटाला येत होतं, तुम्ही खुशीत होतात. मी ती पानं कपाटात ठेवली.

मग हे आजारपण. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं, तेव्हा हीराआत्या गावातून आल्या आणि तुमच्या पायाशी बसल्या. तुम्ही आयुष्यभर वर्गातली मराठी बोललात. घरातसुद्धा. आत्या त्यांच्या बोलीत बोलायच्या आणि तुम्ही उत्तर छापील द्यायचात, त्यावरून त्या तुम्हाला टोमणे मारायच्या. त्या दुपारी मी चमचा घेऊन उभी होते आणि तुम्ही म्हणालात, "पानी."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तुम्ही परत म्हणालात, "मना पानी दे."

आत्यांनी पदर तोंडाला लावला. "आला गं," त्या म्हणाल्या. "दादा आपल्या भाषेत आला." आनंदाने म्हणाल्या की दुःखाने, मला कळलं नाही.

मग मी ती पानं काढली. आता नाही तर कधी, असं वाटलं. तुमच्या कानाशी बसून वाचायला लागले. आत्या तुमचे पाय चेपत होत्या. खाली कोणाच्या तरी घरात कुकर लागला होता. मी वाचलं की या बाईने आपलं दमणं लपवलं नाही. ती ते नवऱ्याच्या तोंडावर बोलली आणि त्याने ऐकलं. त्याच्या बाकीच्या पराक्रमांइतकंच हे ऐकणंही मोठं आहे, असं माझं म्हणणं होतं. समुद्र पिणारा सापडेल, पण बायकोचं असं बोलणं आपल्या ऋचांशेजारी राहू देणारा विरळा. मी लिहिलं होतं की म्हणून तरी, अण्णा, ते तिचंच असू द्या.

वाचून झालं. तुमचे डोळे मिटलेले. श्वास चालू होता, घशात जरासा घरघरत. मला वाटलं झोप लागली. मी कागद गोळा करत होते, तेवढ्यात तुम्ही स्पष्ट विचारलंत,

"भागलीस?"

कोणाला विचारलंत, अण्णा? मला? की जिच्याबद्दल मी वाचत होते तिला? की घमेलं घेऊन पाण्यात उभ्या असलेल्या तुमच्या आईला? मी तोंड उघडलं, तेवढ्यात आत्याच म्हणाल्या, "नाय रं दादा, मी काय भागते? बसल्या बसल्या पाय चेपते." आणि तुमच्या चेहऱ्यावर असं समाधान आलं की मी पुढे काही बोललेच नाही.

ते तुमचं शेवटचं सलग बोलणं. दोन दिवसांनी, सकाळी प्रकाश तुमचं तोंड पुसत असताना, तुम्ही गेलात. फार शांतपणे गेलात, सगळ्यांना तसंच सांगते. तेवढं खरंच तसं होतं.

मी भागले होते, अण्णा. तुम्ही मला विचारलं असलंत तर उत्तर हे आहे. फार भागले होते. पण त्या लिखाणाच्या संध्याकाळी मला कोणी मोकळ्या करून दिल्या असत्या, तर मी घेतल्या नसत्या.

तेरावं झालं तसं प्रकाशने पुस्तकाचा विषय काढला. म्हणाला, वर्षश्राद्धापर्यंत छापून होऊ दे, अण्णांची इच्छा होती. मी म्हटलं, "माझं एक प्रकरण त्यात जाईल. माझ्या नावाने." "अण्णांना चालेल?" त्याने विचारलं. मी खरं ते सांगितलं, की मला माहीत नाही. मी वाचून दाखवलं, त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्यावर प्रकाश, ज्याला या सगळ्याचा आयुष्यभर कंटाळा, तो म्हणाला, "दे, मी वाचतो." जेवणाच्या टेबलावर बसून त्याने ती पानं वाचली. मग तुमचा परिच्छेद मागून घेतला, तोही वाचला. चष्मा काढून म्हणाला, "अण्णांचं वाक्य बदलू नकोस हं."

"नाही बदलणार."

"आणि तुझंही बदलू नकोस," तो म्हणाला, आणि उठून पाणी प्यायला गेला.

आज कामावरून येताना मी छपाईवाल्याकडे जाऊन आले. विरार पूर्वेला छोटंसं दुकान आहे, लग्नपत्रिका जास्त छापतो तो. पण मुलगा नीट वाचून काम करतो. त्याने पानं लावून ठेवली होती. स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाला, "ताई, एक मोठी मिस्टेक आहे. या प्रकरणात सर म्हणतात की ऋचा त्या ऋषींच्या आहेत. आणि लगेच पुढच्या पानावर तुम्ही म्हणता, बायकोच्या आहेत. वाचणारा गोंधळेल ना. कुठलं ठेवू?"

मी खुर्ची ओढून बसले. दिवसभर उभं राहून पाय दुखत होते.

"दोन्ही ठेव," मी म्हटलं. "आमचं अजून ठरलेलं नाही."